दाबाची वर्दी

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता वडकबाळजवळ सीना ओलांडतो, काळ्या मातीच्या ज्वारीच्या रानांतून मंद्रुपास येतो आणि पुढे टाकळीला भीमेच्या पुलावर पोहोचला की महाराष्ट्राची हद्द संपून कर्नाटकाची सुरू होते. सरकारी दप्तरात या रस्त्याचा क्रमांक पूर्वी १३ होता, आता तो ५२ झाला आहे; परंतु दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या दक्षिण सोलापूर तालुक्यातील गावाचा शिरस्ता त्या क्रमांकाने बदललेला नाही. बाजारात एकाच वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही ऐकू येतात, आणि हद्दीकडे जाणाऱ्या वाहनांची दुरुस्ती करणारे मिस्त्री दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने यंत्राचे दुखणे समजावून सांगतात. याच रस्त्यावर, चैत्राच्या उन्हात, माझी जुनी पेट्रोल मोटार तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा ती वेगात असताना धापा टाकू लागली, तिन्ही वेळा अर्धा तास सावलीत उभी केल्यावर मुकाट्याने सुरू झाली, आणि तिन्ही वेळा कारखान्यात नेऊन तपासणी केली असता तिच्यात काडीचाही दोष आढळला नाही.

मंद्रूपच्या ज्या मिस्त्रीकडे ती अखेरीस पोहोचली त्याने बॉनेट उघडून दाबमापक लावला, इंजिन चालू केले, काटा तीनवर स्थिर उभा असलेला मला दाखवला आणि म्हणाला, "उभ्या गाडीला काय बी कळत न्हाई, मालक. पळतानाच बघाय पाहिजे. आत काटा बसवू, विजेवरचा." वाहनाच्या आत, चालकाच्या डोळ्यांसमोर, इंधनाच्या दाबाचा विद्युत् मापक बसवण्याचा हा जो साधा प्रस्ताव त्याने मांडला, त्याच्या पाठीशी पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे टप्पे खुद्द सोलापूरच्या गिरण्यांतून आणि सोलापुरात जन्मलेल्या एका उद्योजकाच्या कारखान्यातून गेलेले आहेत, हे ध्यानात आल्यावर तो इतिहास मांडून ठेवावा असे मला तीव्रतेने वाटले.

सोलापुरात आगगाडी १८६० मध्ये आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, म्हणजे पुढे सर्वांच्या तोंडी 'जुनी गिरणी' म्हणून रुळलेली, गिरणी सुरू झाली. गिरणी वाफेवर चालत असे. वाफ बॉयलरमध्ये कोंडलेली असे. आणि कोंडलेल्या वाफेची ताकद डोळ्यांना दिसत नाही, हे त्या काळच्या यंत्रविद्येचे सर्वांत मोठे संकट होते. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालात बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. सबंध हिंदुस्थानास लागू असा कायदा मात्र १९२३ मध्ये आला. दाबमापकाच्या तबकडीवर कमाल दाबाची तांबडी खूण असणे, तो मापक आग घालणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशा जागी असणे आणि त्याची वेळोवेळी रुजुवात होणे, हे सारे या तपासणीच्या अमलात पुढे शिस्तीने रुळले. गिरणीतील शेकडो माणसांचे प्राण त्या एका काट्याच्या खरेपणावर अवलंबून असत, आणि म्हणून यंत्रशाळेच्या साऱ्या सरंजामात त्या लहानशा तबकडीला मी सर्वांत वरचे स्थान देतो.

हा काटा पॅरिसच्या यूजीन बूर्दों या यंत्रकाराने १८४९ मध्ये आपल्या नावावर नोंदवला. त्याची उत्पत्ती एका अपघातातून झाली. वाफ थंड करण्यासाठी वळवलेली एक नागमोडी नळी काम करताना चेपली गेली. ती पूर्ववत् गोल करावी म्हणून बूर्दोंने तिच्यात दाबाने पाणी भरले, तेव्हा चेपलेली नळी फुगता फुगता आपला वळसाही उलगडू लागली. हे उलगडणे दाबाच्या प्रमाणात होते, हे त्याने ओळखले. चपटी, अर्धवर्तुळाकार वाकवलेली, एका टोकास बंद असलेली पितळी नळी घेऊन तिच्या बंद टोकाला दांडी, दांडीला दंतचक्र आणि दंतचक्राला काटा जोडला की दाबमापक तयार होतो. आजही गावोगावच्या पंक्चरवाल्याच्या हवायंत्रावर जी गोल तबकडी दिसते तिच्या पोटात हीच नळी असते.

परंतु या उपकरणात एक अट दडलेली आहे. ज्याचा दाब मोजायचा तो पदार्थ तबकडीच्या मागे, त्या नळीत, प्रत्यक्ष यावा लागतो. वाफेच्या बाबतीत ही अट घातक होती, कारण कढत वाफेने पितळी नळीची लवचीकता बिघडते. म्हणून बॉयलर आणि मापक यांच्या दरम्यान शेपटासारखी गोल वळवलेली एक नळी बसवीत, जिला सायफन म्हणतात. तिच्या वळशात वाफेचे पाणी होऊन साठते, आणि वाफ त्या पाण्याला ढकलते, पाणी मापकाला ढकलते. वाफ स्वतः मापकापर्यंत पोहोचत नाही. तिची वर्दी तेवढी पोहोचते. या प्रकरणाचे सारे मर्म मला या शेपटीएवढ्या नळीत दिसते. नाक्यावरील चौकीदाराने माल बाहेरच थोपवून धरावा आणि मामलेदाराकडे फक्त खबर पाठवावी, तसा हा बंदोबस्त आहे. आणि यापुढील शंभर वर्षांत दाब मोजण्याच्या विद्येत जी जी सुधारणा झाली ती बहुतांशी याच बंदोबस्ताची सुधारणा होय.

आता मोटारीकडे वळू. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने ज्यांच्या ठेकेदारीचा आरंभ झाला त्या या पुरुषाने १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा आणि १९४४ मध्ये मुंबईत मोटारींचा उद्योग उभारण्याचे धाडस केले. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली आणि १९५४ पासून फियाट ११०० तेथे तयार होऊ लागली. लोकांनी तिच्या गुबगुबीत आकारावरून तिला 'डुक्कर फियाट' म्हटले ते प्रेमानेच; आणि तिचीच वंशज पद्मिनी पुढे कित्येक दशके मुंबईची टॅक्सी आणि जिल्ह्याच्या गावच्या डॉक्टरांची, वकिलांची, बागाइतदारांची मोटार म्हणून राबली.

या मोटारीत इंधनाच्या दाबाचा काटा नव्हता, आणि नव्हता यात गैर काही नव्हते. कार्बोरेटरच्या युगात पेट्रोलला दाब असा फारसा लागतच नसे. इंजिनच्या कुशीला बसवलेल्या पंपात एक लवचीक पडदा असे. कॅमशाफ्टच्या उंचवट्याने त्याची दांडी खालीवर होई आणि टाकीतले पेट्रोल ओढले जाई. त्याचा दाब दर चौरस इंचास तीन-चार रत्तलांहून अधिक नसे. ते पेट्रोल कार्बोरेटरच्या लहान वाटीत पडे, वाटीतील तरंगता फ्लोट वर आला की सुई तोंड बंद करी. इंजिनला हिशेब लागे तो वाटीतील पातळीचा. दाब जास्त झाला तर उलट सुई उचलली जाऊन वाटी ओसंडत असे.

म्हणून त्या काळच्या मिस्त्रीचे दाबमापक म्हणजे त्याचा अंगठा. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिच्या तोंडाखाली बाटली धरायची, साथीदाराला सेल्फ मारायला सांगायचे आणि पिचकारी किती जोमाने येते ते पाहायचे. तोंडावर अंगठा धरून पंपाचा ठोका जाणवतो की नाही ते अजमावायचे. मी लहानपणी हे पाहिले आहे. उन्हाळ्यात, पारा ४३-४४ अंशांवर गेला की, पंपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटत असे. मग चालक बॉनेट उघडून पंपावर ओले फडके गुंडाळीत आणि विजापूर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली वाट पाहत बसत. त्या फडक्याला कोणी उपकरण म्हणणार नाही, तथापि रोग आणि उपाय यांचे अचूक ज्ञान त्यात होते.

डिझेलचे घराणे निराळे. त्याचा आपल्या मुलुखातील इतिहास साताऱ्याजवळच्या कूपर यांच्या कारखान्यापासून, १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून आणि १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सपासून सांगावा लागेल, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करतो की विहिरीवर ऑइल इंजिन बसवलेल्या या भागातील शेतकऱ्याला दाबाची जाण शहरातील मोटारवाल्याच्या कितीतरी आधी आली. डिझेल संपून इंजिन बंद पडले की नळीत 'एअर धरते', आणि हवा दबत असल्यामुळे डिझेल दबत नाही, हे त्याला अक्षरओळख नसतानाही ठाऊक होते. बँजो बोल्ट सैल करायचा, हातपंप मारीत राहायचे, फेस येणे थांबून निखळ धार आली की बोल्ट आवळायचा. सोलापुरातील पंप-नोझलच्या दुकानांत मात्र काटा होता: टेबलावर बसवलेले हातदांडीचे यंत्र, त्यावर वीतभर व्यासाची तबकडी, दांडी दाबता दाबता काटा दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास चढायचा आणि नोझल 'कर्र' करून धुके फेकायचे. तो काटा दुकानाचा होता. वाहनात बसून तो कधी रस्त्यावर गेला नाही.

विमानांत मात्र ही गरज फार पूर्वी निर्माण झाली. आकाशात इंधनाचा दाब खचला तर ओले फडके गुंडाळायला जागा नसते. म्हणून वैमानिकापुढे इंधनदाबाचा काटा आवश्यक ठरला, आणि त्याबरोबरच ज्वालाग्राही इंधनाची नळी वैमानिकाच्या गुडघ्यापाशी आणणे हा धोकाही लक्षात आला. मोटारींच्या शर्यतींत भाग घेणाऱ्यांनी या धोक्यावर जो पहिला तोडगा वापरला तो गिरणीच्या सायफनचाच भाऊ म्हणावा लागेल: इंजिनच्या बाजूला एक डबी, डबीत मध्ये पडदा, पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस न गोठणारे आणि सहजी न पेटणारे द्रव, आणि त्या द्रवाने भरलेली नळी आत तबकडीपर्यंत. पेट्रोल बाहेरच राहिले. परंतु या नळीत बुडबुडा राहिला तर काटा खोटा बोले, आणि ती भरण्याचे काम कटकटीचे होते.

खरा उपाय विजेने दिला. ताणलेल्या तारेचा विद्युत्-रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५६ मध्ये दाखवले होते. पण त्या निरीक्षणाचे उपकरण व्हायला ८२ वर्षे जावी लागली. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूगे या दोघा अमेरिकनांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून त्याचा ताण मोजण्याची युक्ती सिद्ध केली. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियम यांत हाच परिणाम धातूहून अनेक पटींनी मोठा आढळतो असे दाखवले, आणि तेथून आजच्या दाबसंवेदकाचा मार्ग मोकळा झाला. बोटाच्या पेराएवढ्या पोलादी कवचात पातळ पडदा, पडद्यावर तो ताण ओळखणारे लहानसे जाळे, आणि बाहेर तीन तारा. इंधन पडद्यापाशी थांबते. आत येते ती केवळ विद्युत्-दाबाची वर्दी.

तरीही सामान्य मोटारीच्या मालकाला या संवेदकाचे प्रयोजन उरले नसते, जर १ एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेल्या धुराच्या निर्बंधांनी आणि त्यापाठोपाठ आलेल्या भारत स्टेज नियमांनी कार्बोरेटर हद्दपार केला नसता. आता टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला, विजेचा पंप असतो. त्यालाच भोवतालचे पेट्रोल थंड ठेवते, म्हणून टाकी सदैव तळाला ठेवून गाडी हाकणे त्या पंपाच्या जिवावर बेतते. तो सुमारे तीन बार, म्हणजे जुन्या भाषेत दर चौरस इंचास त्रेचाळीस-चव्वेचाळीस रत्तल, दाबाने पेट्रोल पाठवतो. इंजेक्टर किती सहस्रांश सेकंद उघडा ठेवायचा याचा हिशेब संगणक करतो, आणि दाब ठरल्याइतकाच आहे हे पुष्कळ गाड्यांत गृहीत धरून करतो. शेर-पायलीने धान्य मोजणाऱ्याची मोजणी बिनचूक असली तरी मापच उणे असेल तर पोते भरत नाही, तसे येथे होते. कार्बोरेटरच्या काळी जो दाब गौण होता तो एका पिढीत साऱ्या हिशेबाचे माप होऊन बसला, आणि त्याचा काटा मात्र चालकापुढे कोणी ठेवला नाही. हे मला उणेपण वाटते. वेग, पाण्याचे तापमान आणि टाकीतील पेट्रोल ज्याला दाखवले जाते त्याला हा एक आकडाही दाखवला पाहिजे होता.

मंद्रूपच्या मिस्त्रीने काम सुरू केले ते सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. त्याने प्रथम पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन चालू करून ते आपोआप मरू दिले, जेणेकरून नळीत कोंडलेला दाब उतरावा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. विडी-काडीवाल्या दोघांना त्याने मराठीत आणि तिसऱ्याला कानडीत लांब जायला सांगितले. इंजिनकडे येणारी रबरी नळी सांध्यावर फडके धरून हलकेच सोडवली. फडके ओले झाले तेवढेच पेट्रोल सांडले. मध्ये पितळी टी बसवली आणि दोन्ही बाजूंना इंधनासाठीच्या, कडा न कापणाऱ्या क्लिपा आवळल्या. टीच्या वरच्या तोंडात संवेदक फिरवताना त्याने पांढरी टेप वापरली नाही. नळाच्या कामाची ती टेप तुटून तिचे धागे इंजेक्टरमध्ये अडकतात, असे म्हणून त्याने पेट्रोलला न विरघळणारा लेप आट्यांना लावला, आणि तोही पहिला आटा कोरडा ठेवून. तिन्ही तारा त्याने आगीच्या भिंतीतील जुन्या भोकातून आत घेतल्या. भोकात रबरी वळे नव्हते, ते आधी बसवले, कारण पत्र्याच्या धारेवर घासून तार उघडी पडली तर पेट्रोलपासून वाचवलेल्या जागेत ठिणगी आणल्यासारखे होईल. पुरवठ्याची तार किल्लीवर चालणाऱ्या वाटेने आणि स्वतंत्र फ्यूजमधून घेतली.

काटा बसवण्यापूर्वी त्याने मल्टिमीटर लावून मला एक गोष्ट दाखवली, तिचे मला अजून कौतुक वाटते. या संवेदकाला ५ व्होल्ट द्यायचे. दाब शून्य असताना त्याने ०.५ व्होल्ट परत पाठवायचे आणि १० बारला ४.५. शून्याला शून्य व्होल्ट का नाही? कारण तार तुटली तरीही शून्य व्होल्टच येणार, आणि मग दाब गेला की तार गेली हे ओळखता येणार नाही. खबर आणणारा हजर आहे आणि 'काही नाही' असे सांगतो आहे, ही एक गोष्ट. खबर आणणाराच आला नाही, ही दुसरी. या दोहोंतील भेद उपकरणाच्या रचनेतच विणलेला आहे. किल्ली फिरवताच पंप दोन-तीन सेकंद घुमला आणि मीटरवर १.७ व्होल्ट उमटले, म्हणजे बरोबर तीन बार. त्याने किल्ली तीन-चारदा फिरवली, प्रत्येक वेळी विजेरी घेऊन सांध्यावर प्रकाश टाकला, कोरडे बोट फिरवून वास घेतला आणि मगच इंजिन चालू केले.

दुपारी दोनच्या सुमारास, मुद्दाम त्या वेळी, आम्ही टाकळीकडे निघालो. मी चालवत होतो, तो काट्याकडे पाहत होता आणि गुडघ्यावरच्या वहीत लिहीत होता. पहिली दहा-बारा मिनिटे काटा तीनवर खिळल्यासारखा होता. पुढे एका ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडण्यासाठी मी जोर दिला तेव्हा तो अडीचवर आला, जोर काढताच परत चढला. नंतरच्या खेपेस सव्वादोन, आणि पुलाच्या अलीकडे, धापा सुरू होण्याच्या क्षणभर आधी, पावणेदोन. मोटार उभी करून इंजिन मंद चालू ठेवले तेव्हा काटा पुन्हा तीनवर. मंद चालीत पेट्रोल थोडे लागते, म्हणून दुबळा पंपही दाब राखतो. मागणी वाढली की त्याचे पितळ उघडे पडते. कारखान्यात उभ्या असलेल्या गाडीत तिन्ही वेळा दोष का आढळला नाही याचा दाखला त्या वहीच्या पानावर होता.

तरी त्याने पंप बदलण्याची घाई केली नाही. फिल्टर कोंदला असता तर थंड गाडीतही जोर दिल्यावर काटा पडला असता. हा तापल्यावर पडत होता. मंद्रुपास परत येताच, गाडी तापलेली असतानाच, त्याने मागची बैठक उचलली आणि पंपाच्या जोडाशी मीटर धरले. इंजिन चालू असताना तेथे साडेतेरा व्होल्टांच्या आसपास असायला हवे होते, होते दहा. जमिनीच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेचे टोक पत्र्याला जेथे आवळले होते तेथे हिरवट-पांढरा गंज चढला होता, आणि तापला की तो जोड आणखी रोध करी. त्याने तो बोल्ट काढला, पत्रा पॉलिश कागदाने चकाकेपर्यंत घासला, नवे टोक लावून आवळले आणि वर ग्रीस फासले. सामानाचा खर्च चहाच्या चार कपांएवढा.

संध्याकाळी वडकबाळचा पूल ओलांडून मी सोलापूरकडे येत होतो तेव्हा सीनेच्या पात्रात ऊन उतरले होते. पुलाच्या पुढच्या चढाला मी जोर दिला. काटा तीनवरून किंचित हलला आणि तेथेच थांबला.